दुसऱ्यांदा मोजताना

मुहर्रकच्या बाजारामागे माझी लाँड्री.
बाहेर बेचाळीस अंश, आत त्याहून जास्त,
ईदला नऊ दिवस,
आणि पांढऱ्या थोबांचे ढीग असे
की काउंटरवरून गिऱ्हाईक दिसेना.

आधीच सांगते,
नाहीतर पुढचं वाचून कुणी मला मोठ्या मनाची समजेल:
मला वाफेच्या इस्त्रीवर माणूस हवा होता.
आधीच्याची पाठ धरली होती.

तो आला. यासीन हुर्झुक, हर्णैचा.
बंदरावरच्या लिलावात घडलेला आवाज
इतका खाली ठेवलेला
की नाव दोनदा विचारावं लागलं.
मधले पाच महिने कुठे होतास,
हे एकदाच विचारलं.

"आत होतो, बाय.
गल्ल्यातून घेतले मी. दोनशे दहा दिनार.
बहिणीच्या लग्नाला, असं सांगता येईल,
पण त्यातले साठ पत्त्यांत गेले.
सगळे फेडले नंतर. कागद आहे."

कागद होता.
घड्या पडल्या तिथली अक्षरं गेलेली.

नरसय्या म्हणाला, मॅडम, नको.
मोतालेब काहीच बोलला नाही,
संध्याकाळी ट्रंकेला दुसरं कुलूप घेऊन आला.
अबू राशिद, ज्यांच्या नावावर दुकान,
फोनवर हसले: तुझी इस्त्री, तुझी बोटं.
आणि दापोलीहून भाऊ,
ताई, दुधाने तोंड पोळलेला माणूस...
पण माझं कुठे पोळलं होतं?
मी दुसऱ्याच्या पोळलेल्या तोंडासाठी
माझं ताक फुंकत बसले होते.

कोर्टाने पाच महिने दिले.
सहावा कोणी दिला?
सातवा?
बेकरीने, पंक्चरवाल्याने, पडदे शिवणाऱ्याने,
याच गल्लीतल्या अकरा दुकानांनी
नुसतं "बघू, कळवतो" म्हणत
त्याची शिक्षा लांबवत नेली,
ना वकील, ना तारीख.
बारावं दुकान माझं.

ठेवला.
इतरांपेक्षा वीस दिनार कमी पगारावर.
हेही सांगायलाच हवं.

गुरुवारी पोलीस ठाण्याचा गठ्ठा येतो,
कोठडीतली करडी ब्लँकेटं.
आम्ही ती सगळ्यात शेवटी टाकायचो,
हॉटेलच्या चादरींच्या उरलेल्या पाण्यात.
त्याने एक उचललं, नाकाशी धरलं,
आणि चालू मशीन बंद केलं.
"ही आधी. आणि पाणी नवं."
बिल तेवढंच मिळतं रे, मी म्हटलं.
"आत रात्रीही दिवे विझवत नाहीत, बाय.
हे तोंडावर ओढून झोपतात."

तेव्हापासून गुरुवारी साबण जास्त लागतो.
हिशेबात तो कुठे दाखवायचा
मला अजून कळलेलं नाही.

थोबाची कॉलर तो आधी उलट बाजूने दाबतो,
मग सुलट. घाईच्या दिवशीही.
ईद गेली, दुसरी गेली.
वीस दिनार मी वाढवले,
तो म्हणाला बरं,
जसं कुणी उशिरा आलेली बस बघून म्हणतं.

आता तुम्हाला वाटेल, विश्वास बसला.
नाही.
दोन वर्षं झाली,
नरसय्याने लावलेला गल्ला मी एकदा मोजते,
यासीनने लावलेला दोनदा.
दार लोटून मोजते, आवाज न करता,
तरी त्याला माहीत आहे.

तोंडाने कधी काही नाही.
फक्त नोटा ठेवतो त्या
सगळ्या एकीकडे तोंड केलेल्या,
मुडपलेले कोपरे इस्त्रीखालून काढलेले,
पाचाच्या पाचात, दहाच्या दहात,
फिल्सची चळत वेगळी,

म्हणजे दुसऱ्यांदा मोजताना
मला फार वेळ लागू नये.