विझवायची वेळ

मार्चमध्ये मे-चेमचे डोंगर
कुणी घडी घालून पेटीत ठेवल्यासारखे नाहीसे होतात.
पोरं बोट दाखवतात : इथे होता.
कोंबड्या भर दुपारी खुराड्याकडे वळतात.

चाळीस वर्षं काडी सेंगमुआंगनेच ओढली.
मका सोलून झाला की बुरकुंडांचे ढीग, उतारावरचा वाळला पाला,
आणि तो, गुडघ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.
एका काडीत रान साफ.
त्याचा त्याला अभिमान होता. अजून आहे.

उनरुआनने डुकरांच्या गोठ्यामागे खड्डा खणला,
चिकट तांदूळ वाफवायच्या बांबूच्या टोपलीसारखा,
वर रुंद, तळाला निमुळता.
बुरकुंडांचा थर, तो लालावला की वर दुसरा.
जाळ माथ्यावर, खाली नुसती कोंडलेली धग.
धूर नाही.
म्हणजे अगदीच नाही असं नाही, चुलीएवढा.
"कडेला पांढरी राख फुटायला लागली की ओत.
आधी नको. नंतर तर नकोच."
तो झारी धरून उभा.
लावणं येत होतं त्याला;
थांबवणं शिकायला एकसष्टावं वर्ष उजाडलं.

पहिल्या साली चुकलंच.
कोरा कोळसा तसाच वाफ्यात कालवला,
घेवडा पिवळा पडला.
कोरा कोळसा हावरा,
रोपाच्या ताटातलं आधी आपणच जेवतो.
कुंपणावर रेलून बुआखिआव हसली,
पुढच्या बाजारापर्यंत हसत राहिली.
मग बांबूचे कोंब आंबवायचा मोठा रांजण रिकामा झाला,
त्यात कोळसा, डुकरांचं मूत, शेणकाला, महिनाभर.
कोंबांवाचून जेवताना सेंगमुआंग
काही बोलला नाही, पण ताट आपटलं.

माझ्या भाषेत म्हणतात,
कोळसा उगाळावा तितका काळाच.
टोमणा आहे तो.
इथे तेवढंच तर हवंय :
पुरा, भिजवा, कुदळ फिरवा,
काळाच राहू दे.
जळून पार झालेलं आभाळात जातं.
जळता जळता अडवलेलं
मातीत बसून राहतं, हट्टी पाहुण्यासारखं,
आणि त्याच्या भोकाभोकांत पाणी मुक्कामाला येतं.

शहरातून वजनकाटा घेऊन एक मुलगी येते,
पोती मोजते, फोटो काढते.
"शेकडो वर्षं राहील हे जमिनीत."
"मग बघायला कोण येणार?" उनरुआन विचारते.
मुलगी फोनवर रकाना शोधते. तसा रकाना नाही.

यंदाही डोंगर गेलेच.
पलीकडच्या खोऱ्यात काड्या ओढल्या जातात अजून,
आणि वाऱ्याला कुणाचं शेत कुठलं ते कळत नाही.
घेवडा मात्र कुंपण ओलांडून
बुआखिआवच्या अंगणात लोंबतोय. ती तोडून नेते.
आता हसत नाही.

रात्री सेंगमुआंग एकेक खडा
पत्र्याच्या मगावर आपटून ऐकतो.
टिण् वाजला की रांजणात,
बद्द वाजला की चहाच्या चुलीला.
खिशातली काडीपेटी त्याने टाकलेली नाही.
उद्याचा खड्डा पेटवायचाय.