काठ

खालच्या मजल्यावरच्या नेटा मिल्नने दार वाजवलं
आणि उसनं पातेलं परत करावं तसा
लॅपटॉप दोन्ही हातांनी पुढे केला.
"ह्याचा काठ गेलाय," म्हणाली.

डंडीत जानेवारीत चारलाच काळोख.
हिलटाउनच्या उतारावर बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं.
मी नुकताच हॉस्पिटलातून आलेलो,
दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून,
आणि खरं सांगतो, मला काठबीठ काही दिसेना.

चष्मा पुसला. तिरकं पाहिलं.
उजव्या कडेला केसाएवढी काळी रेघ.
"एवढंच?" ओठांवर आलं होतं, गिळलं.
नेटा ओठ वाचते.
एकवीस वर्षं ज्यूटच्या मागावर होती,
कान तिथेच ठेवून आली.

यादी उघडली. आठशे बाय सहाशे.
हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.
आणि सगळ्यात मोठं म्हणून तेराशे साठ.
पडदा तर तेराशे सहासष्टचा.
म्हणजे सहा ठिपक्यांची एक पट्टी, वरून खालपर्यंत,
धडधाकट, फक्त हजेरीपटावर नाव नाही.

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
जुना घातला. त्याहून जुना घातला,
त्याने तिच्या नातवाचा फोटो
पुरीसारखा फुगवला.
प्रत्येक पडद्याच्या पोटात मापाची चिठ्ठी असते म्हणे,
ह्याची कोरी निघाली.

रात्री अकराला डोक्यात उजेड पडला:
ड्रायव्हरला एकच पाढा येतो, आठाचा.
सतरा आठे एकशे छत्तीस, वर एक शून्य. बसलं.
तेराशे सहासष्टला मात्र पाऊण उरतं,
आणि पाऊणकी त्याला कुणी शिकवलेली नाही.
(मला शिकवली होती. छडीसकट.)

मग मी चलाखी केली. तेराशे साठच
ताणून बसवलं कडेपर्यंत,
आखूड चादर गादीवर ओढतात तसं.
रेघ गेली. सकाळी ऐटीत खाली घेऊन गेलो.

नेटाने बोट फिरवलं कडेवरून, मान हलवली.
नातवाला लावलं. रोरी,
उत्तर समुद्रात तेलाच्या फलाटावर,
नारिंगी हेल्मेट, मागे राखाडी पाणी.
बराच वेळ बघत राहिली.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
"काठ आला. ओठ गेले."

जवळ जाऊन पाहिलं. खरंच.
सहा ठिपके सगळ्या चेहऱ्याकडून
थोडे थोडे उसने घेतलेले,
प्रत्येक कड किंचित लोकरी झालेली.
तो बोलत होता की चघळत होता, सांगणं कठीण.

तिच्याच स्वयंपाकघरात बसलो, कोट न काढता.
ओळ हातानेच लिहिली:
सव्वापंच्याऐंशी, तेराशे सहासष्ट,
चौदाशे चाळीस, पंधराशे शहात्तर, सतराशे चौऱ्याऐंशी...
नेटा खांद्यावरून आकडे बघत होती,
म्हणाली, आमचा मास्तर असाच ताणा मोजायचा,
आणि चुकला की शिव्या आम्हाला.

एकदा चुकलो. पडदा काळा.
शिव्या कुणालाच दिल्या नाहीत.
दुसऱ्यांदा एंटर दाबलं आणि
काहीतरी जागेवर बसलं,
कसं सांगू, दार नीट लागल्यावर
घराचा आवाज बदलतो तसं.

रोरीने काहीतरी सांगितलं.
नेटा खो खो हसली, टेबलावर हात आपटून.
मला विनोद कळला नाही.
आवाज बंद होता. तिने तो
कधी चालूच केलेला नव्हता.