वस्तुन्ना

हजेरीपटात मी स्रवंती म्याकल,
बाईंच्या तोंडी दोन वर्षं म्हैकल.
मी हजर म्हणते, दुरुस्त करत नाही.

घरी स्रवा. तेलुगूत भांडते,
आईच्या सुपात विड्यांचे कट्टे मोजते
आणि बोटांचा तंबाखू
शाळेत बाकाखाली धरून बसते.
क्लासमध्ये 'काय बे' करणारी वेगळीच.
नसीमाशी हिंदीत खिदळणारी आणखी कुणी.
मामीसमोर तर मला तोंडच नसतं.

काल कन्ना चौकात, भेळेच्या गाडीपाशी
आम्ही पाचजणी.
पलीकडे आई, कारखान्याला निघालेली,
कमरेवर पाटी.
"स्रवा!"
ऐकू आलं नाही असं करणार होते मी,
पण जीभ आधीच बोलून गेली:
वस्तुन्ना!

"कुठली वस्तू बे?" राजसी म्हणाली.
सगळ्या फुटल्या. मीही.
हसता हसताच म्हटलं,
"आले, असं म्हटलं तिला.
आणि म्याकल बे. म्हैकल नव्हे."

रिक्षा चुकवत रस्ता ओलांडला,
पाटीची एक कड धरली.
आईनं विचारलं, कोण गं त्या?
सांगितलं सगळ्यांबद्दल, पार कारखान्यापर्यंत.

कुठल्या भाषेत, ते आठवत नाही.