पाठ टेकणे

ज्युदोत पहिल्या दिवशी पडायला शिकवतात.
हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर,
आणि हात मॅटवर असा आपटायचा
की जमिनीनंच दचकावं.
दुसऱ्या दिवसापासून सांगतात,
पाठ टेकायची नाही.
टेकली की संपलं.

मी ते फारच मनावर घेतलं.

घणसोली गावात आमचं घर, तिसरा मजला,
खिडकीसमोर मोबाइलचा टॉवर. त्याचा लाल दिवा
मिनिटाला वीस वेळा लागतो. मोजलेत मी.
रात्री दोनपर्यंत कुणाकुणाच्या फायनल बघायच्या,
एकच पकड मागे घेऊन घेऊन,
साडेचारला गवळीदेवच्या चढावर पळायचं,
आणि सांगत फिरायचं, मला चार तास पुरतात,
जसे उरलेले चार मी कुणाकडून जिंकून आणलेत.

बाबा रबाळ्याला रात्रपाळीला.
सकाळी डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतात,
कुकर ओरडला तरी कूस बदलत नाहीत.
मला वाटायचं, झोप ही दमलेल्या माणसांची गोष्ट.
मी दमणार नव्हते.

खांद्यावरचा डाग तीन आठवडे जांभळाच.
तायडे सरांनी वही दिली.
किती डाव मारलेस ते नको, म्हणाले,
किती वाजता झोपलीस ते लिही.
मी लिहिलं: दहा. दहा. साडेनऊ. दहा.
त्यांनी वही उघडलीच नाही.
स्वतःची कॉलर माझ्या मुठीत दिली
आणि दोन बोटांनी सोडवून घेतली.
"बेलापूर रोडला डांबर रात्री का टाकतात, तांडेल?
गाड्या चालू ठेवून टाकून बघ एकदा."

मग एका गुरुवारी, गुडघ्याला पट्टी बांधता बांधता
रचलेल्या मॅटना टेकले
आणि डोळा लागला.

जाग आली तर तास संपत आलेला.
बावीस पोरं हॉलमध्ये, आणि पडल्याचा एक आवाज नाही.
सरांनी त्या दिवशी नुसते पाय शिकवले होते,
अनवाणी, सरकत,
जशी घरात बाळंतीण निजली आहे.
सात वर्षांचा शौनक भोईर
ओठांवर बोट ठेवून दाराशी राखणीला.
माझ्या गालावर मॅटची नक्षी. तोंड कुठे लपवू?
सर एवढंच म्हणाले,
आज तुझाच सराव बरा झाला.

जिल्ह्याला दुसऱ्या फेरीत हरले, तो भाग वेगळा.

आता फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर.
खिडकीला आईची जुनी साडी, लाल दिवा तिच्यातून
फिका होऊन येतो.
अंग टाकते, तरी मान उशीच्या वीतभर वरच,
हनुवटी छातीला,
पहिल्या दिवशी शिकवली तशी.
मग एकेक सोडायचं.
मान. जबडा. मूठ सगळ्यात शेवटी.
अंधारात कळत नाही कोण धरतंय,
पण हात मोठा आहे
आणि त्याला घाई नाही.

वहीत खरं लिहिते: नऊ पन्नास, पाठ टेकली.

डाग कडेनं पिवळा होतोय.
परवा म्हणे बाबा कामावरून आले तेव्हा
मी झोपलेलीच, तोंडावर ऊन.
आई सांगत होती, त्यांनी आपला टॉवेल
माझ्या डोळ्यांवर टाकला,
आणि खाली चटईवर
उन्हाकडे पाठ करून आडवे झाले.