तळघराला पाणी लागलं

ऑगस्टच्या सतरा तारखेला
पुयुकनं लाकडी झाकण उचललं
आणि तिच्याआधी वास वर आला.

मग तिनं दिवा खाली सोडला.
शिडीच्या पायऱ्या बारा.
आजेसासऱ्यानं दोन हिवाळे कुदळ मारून
गोठलेल्या भुईत कोरलेली ही खोली,
छताला दहिवराची फुलं,
शंभर वर्षांत एकदाही न गळलेली.
आज पायऱ्या मोजल्या तर नऊच.
उरलेल्या तीन पाण्यात.

काही देशांत खणताना पाणी लागलं
की लोक गूळ वाटतात.
इथे पुयुक चौथ्या पायरीवर बसून राहिली,
बूट भिजेपर्यंत.

खाली एप्रिलमधला देवमासा होता.
पाच घरांचा वाटा,
सणाच्या दिवसाची काळी कातडी, चरबीसकट,
आणि दात नसलेल्यांसाठी
वेगळा काढून ठेवलेला मऊ तुकडा.
उयागाकनं सगळं स्लेजवर घालून
गावाबाहेर नेऊन टाकलं.
तीन रात्री अस्वलं येत राहिली.
चौथ्या रात्री तीही आली नाहीत.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण
बोलता बोलता म्हणून जातो.
इथे ती सरकते
आणि कोणीतरी वहीत लिहून ठेवतं:
पोस्टाची इमारत समुद्राच्या बाजूला चार बोटं कलली.
शाळेचं दार पावसाळी महिन्यांत लागत नाही.
पावसाळी महिने
हा शब्दही नवाच.

विद्यापीठातला एक पोरगा आला,
भोकात तार सोडून म्हणाला,
उणे एक पूर्णांक दोन.
पुयुक म्हणाली, उणे आहे ना अजून?
मग पाणी कसं?
मिठामुळं, तो म्हणाला.
भुईत जुना समुद्र आहे, आजी,
खारट पाणी लवकर सुटतं.
आणखी काय काय आहे भुईत?
गवत, तो म्हणाला. हजारो वर्षांचं.
न कुजता राहिलेलं, आता कुजायला लागलेलं.

हे तिला ठाऊक होतं.
मागच्या तळ्यावर बुडबुडे येतात,
पोरं बर्फाला भोक पाडून काडी ओढतात,
भप्पकन जाळ उठतो,
एकाच्या भुवया गेल्या, सगळी हसली.

ती हवा मग कुठे जाते?
सगळीकडे, तो म्हणाला.
जिथे बर्फ कधी कोणी पाहिलाच नाही, तिथेसुद्धा.
त्यांना हा वास येईल?
नाही. तिला वास नसतो.
उन्हाळा थोडा जास्त वाटेल,
भरतीचं पाणी एखाद्या ओट्याला लागेल,
कशामुळं ते कळणार नाही.

पुयुकला त्या लोकांची कीव आली.
निदान आपल्याला
झाकण उघडल्यावर कळलं तरी.

सप्टेंबरच्या बोटीनं फ्रीजर आला,
पांढरा, शवपेटीएवढा.
तो विजेवर चालतो, वीज डिझेलवर,
डिझेल त्याच बोटीनं आलं.
उयागाक एकटाच हसला,
आई, थंडी ठेवायला आपण धूर जाळतोय.
तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं.
तिला दुसरीच काळजी होती.

कारण देवमासा असाच येत नाही.
तो आधी बघतो
कोणाचं तळघर झाडलेलं आहे,
जुनं रक्त खरवडलेलं आहे,
तळाशी ताजा बर्फ पसरलेला आहे.
मळक्या घरी कोण स्वतःला देईल?
सासू सांगायची, हा पाहुणा
पायरीवरूनच परत फिरतो.

एप्रिल आला.
समुद्राच्या बर्फात चीर पडली, तीन आठवडे आधी.
काठ इतका पातळ की
देवमाशाचं ओझं पेलेल का
यावर पुरुषांचा वाद रात्रभर चालला.

पुयुक पहाटे उठली.
फ्रीजर पुसला, कोपरे नखानं खरवडले.
बादली घेऊन बाहेर गेली.
बर्फ होता, पण ओला, रस्त्याच्या काजळीचा.
ती गावाबाहेर चालत गेली, मग आणखी पुढे,
गुडघा धरून थांबली, परत चालली.

दुपारी आली तेव्हा बादली अर्धी होती.
तिनं तो बर्फ फ्रीजरच्या तळाशी
तळहातानं सारखा पसरला.
मोटार घरघरत होती.

तिनं उयागाकला विचारलं,
पाण्याखाली हा आवाज जातो का रे?

तो होडीची कातडी ताणत होता.
त्यानं मान वर केली नाही.