संगं कोन हाय?

मे महिन्यात जंगलात जात नसतात ताई,
मेहकर फाट्यावरचा पंक्चरवाला रऊफ म्हणाला,
आणि टायर हातोडीने ठोकत विचारलं,
संगं कोन हाय?
मी मागच्या सीटकडे बोट केलं:
वीस लिटरचा कॅन, अकोल्यात घेतलेला तंबू,
मुरमुरे, कांदे, रॉकेलचा स्टोव्ह,
आणि शाळेच्या कपाटातून न विचारता उचललेला नकाशा,
ज्यात सगळ्या नद्या निळ्या आहेत.

लोणारला विवराच्या काठावरून उतरले एकटी.
दगड माझ्याआधी खाली पोचत होते.
तळाशी एवढं पाणी
आणि ओंजळ भरावी असं एक थेंब नाही.
सडक्या अंड्याचा वास नाकात घेऊन वर आले,
रेस्ट हाऊसच्या अंगणात तंबू ठोकला.
चौकीदाराने रजिस्टरात लिहिलं: इसम एक.
मग थांबून कंसात: बाई.

ज्ञानगंगेच्या रानात सागाची पानं
पापडासारखी मोडत होती पायाखाली.
दर चार पावलांनी वाटे, मागे कुणी आहे.
थांबलं की तेही थांबे.
दुपारपर्यंत त्याची सवय झाली,
दुपारनंतर मीच त्याच्याशी बोलू लागले.
उतारावर कांडोळ उभा होता,
पान नाही, साल निघालेली, लख्ख पांढरा,
भर उन्हात.
सत्तेचाळीस वर्षांत मी कुठेच
इतकी उघडी उभी राहिले नाही.
पाठ टेकली. साल गार होती.

पुढे शेगाव, अकोट,
ओल्या ओढणीत गुंडाळलेलं स्टिअरिंग,
खिशात कांदा, आईच्या हुकमावरून
(आई जाऊन सहा वर्षं झाली, हुकूम चालू आहे).
डांबर पातळ होऊन टायरला चिकटे.
चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, वनखात्याच्या नाक्यावर
तोच प्रश्न, थोडा दयेने, थोडा संशयाने.
कुठे म्हटलं, मिस्टर मागून येताहेत.
कुठे म्हटलं, वाघ पाहायला चाललेय, तोच सोबत.
पंपावरचा पोरगा हसला नाही.

मेळघाटच्या तिसऱ्या वळणावर गाडीने वाफ सोडली.
कॅनमधलं उरलेलं सगळं पाणी
रेडिएटर गटागटा प्याला
आणि मी बोनेटसमोर उभी,
एखाद्या लहान पोराला पाजून उठलेल्या बाईसारखी, रिकामी.
नकाशात इथे निळी रेघ होती.
उतरले. वाळू. गोटे. वाळलेलं शेवाळ.
पुलाखाली एका वानराने माझ्याकडे पाहिलं
आणि खाजवत बसलं.

वळणापलीकडे ती उकिडवी बसली होती,
कोपरापर्यंत हात वाळूत.
सुगरती. नाव मागाहून कळलं.
जर्मनच्या वाटीने वाळू उपसत होती,
खड्ड्याच्या तळाशी आधी नुसता काळपट ओलावा,
मग रुपयाएवढं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा.
मी वाकले तर तिने मनगट धरलं.
बैस. घाई केली तर गढूळ येते.
बसलो.
दोन हातांवर आणखी एक खड्डा होता,
काठावर नखांचे ओरखडे.
त्यातलं घेऊ नको, म्हणाली, ते अस्वलाचं.

किती वेळ गेला सांगता येत नाही,
घड्याळ गाडीत होतं.
टिटवी ओरडून दमली.
झिरा भरत होता, म्हणजे दिसत नव्हतं भरताना,
फक्त मघाचा खडा आता बुडालेला होता.
तिने माझं गाव विचारलं नाही,
नवरा, पोरं, संगं कोन, काही नाही.
भांडं आणलं का? एवढंच.

रात्री नाक्याच्या आवारात तंबू.
गार्ड बेठेकर म्हणाला, दार नीट लावा.
दार कुठलं, चेन आहे, तीही अर्ध्यावर अडकते.
त्या फटीतून चांदणं आणि मोहाचा जुना वास.
बाटलीच्या बुडाशी चिमूटभर वाळू बसली होती.
टॉर्च दातांत धरून
नकाशाच्या निळ्या रेघेवर मी एक टिंब काढलं.
पेन्सिलने.
पूर आला की झिरा जागा बदलतो, ती म्हणाली होती.
आणि नकाशा शाळेचा आहे.