दीड वीत

घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण
धुवायला काढलं, तेव्हा पलंगाखालून
तीन वाकळा निघाल्या. तिन्ही अर्ध्या.

अर्धी वाकळ धुता येत नाही.
पाण्यात घातली की आतल्या चिंध्या
एका कोपऱ्यात जाऊन बसतात
रुसलेल्या पाहुण्यांसारख्या.
म्हणून तशाच टाकल्या पत्र्यावर
आश्विनाच्या उन्हात.
सांगलीचं हे ऊन पापडालाही दुसरा दिवस लागू देत नाही.

पहिली वैजूच्या पोराची.
बारशाला द्यायची होती.
पोरगं आता पाचवीत आहे,
पाय गुडघ्यापासून बाहेर येतील त्याचे.
तरी परवा बसून तिचे काठ दुमडले.
मांजराला होईल.

दुसरी माझ्याच साड्यांची, मार्केट यार्डातल्या.
एकवीस वर्षं मी हळदीची पोती शिवली.
दाभण, सुतळी, तोंड बंद, पुढचं घे.
किती धुतलं तरी पदरातला पिवळा गेला नाही
म्हणून फाडून चौकोन केले त्यांचे.
हात मात्र अजून यार्डातच आहे,
बारीक सुई धरली तरी टाका बोटभर पडतो.
बाबालाल टेलर दारातनं बघून म्हणतो,
शेवंताक्का, ह्यातनं उंदीर जाईल.
जाऊ दे की, थंडीचा कुठं जाईल बिचारा.
दिवसाला चार बोटं, कधी पाच.
कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत
निम्मी तरी पार व्हावी.

तिसरीला हात लावायला
आठ दिवस घेतले.

ती माझी नाही, नूरजहाँची.
गल्लीत पाणी चढत होतं तेव्हा
होडीत बसता बसता माझ्या हातात कोंबून गेली.
तुझं घर चार पायऱ्या वर आहे, म्हणाली, ठेव.
पाण्यानं पायऱ्या मोजल्या नाहीत.
अजून रेघ आहे वाकळेवर, चहाच्या रंगाची,
इकडून तिकडे, भिंतीवर आहे तशीच.
कडेच्या सात फेऱ्या तिच्या,
तांदळाएवढे टाके, जरा तिरपे.
आठव्या फेरीत अडकलेली तिची सुई,
गंजून कापडाशी एक झालेली.
ओढली तर मोडली.

कुपवाडला लेकाकडं असते ती आता. फोन लावला.
कुठल्या अंगानं जात होतीस गं?
कडेनं आत, म्हणाली, कडेनं आत,
मधे पोचलीस की गव्हाचे चार दाणे घाल,
उपाशी नको ठेवूस तिला.
मग मागं कुणाचा तरी मिक्सर वाजत राहिला.
मग म्हणाली, मला नेढंच दिसत नाही आता सुईचं.
तूच कर.

एक अख्खी संध्याकाळ तिच्यासारखा टाका घालून पाहिला.
वीतभर झाला. दिव्याखाली धरला
तर ती जसं बोलायची तसं मी बोलावं,
तसलं काहीतरी दिसलं.
उसवला.
दुसऱ्या दिवशी जाड दोरा घेतला
आणि जिथं तिचा गंज आहे तिथून
माझे लांब टाके सुरू केले, पोत्याचे.
आता कुणालाही कळेल
कुठं एक बाई उठली
आणि दुसरी बसली.

मधे दीड वीत उरलंय.
गहू निवडून वाटीत ठेवलेत,
वाटीतले दोन काल चिमणीनं नेले.

कोजागरीनंतरच्या एका पहाटे
पहिल्यांदा अंगाला गार लागलं.
धुतलेलं सगळं घड्या घालून माळ्यावर होतं,
कोण शिडी लावणार त्या वेळी.
अंधारात हाताला आली ती ओढून घेतली,
मधे पोकळ, चिंध्या एका अंगाला सरकलेल्या,
सुई तशीच टोचलेली.

कुठं टोचलीय ते मला माहीत होतं.
त्या बाजूला पाय केले नाहीत,
आणि उजाडेपर्यंत झोपले.